खोलीतल्या मिरच्यांचं परागण : नोंदवही

१८ नोव्हेंबर
रोपं पाच. ढोबळी मिरचीची तीन, त्यांना ढ-१, ढ-२, ढ-३ म्हणायचं. बारीक तिखट मिरचीची दोन, ति-१ आणि ति-२. सगळी खिडकीलगतच्या फळीवर. वर दोन एलईडी नळ्या, टायमरवर सकाळी ६:३० ते रात्री ८:३०, म्हणजे १४ तास उजेड. खिडकी बंद. माशी नाही, मधमाशी नाही, वारा नाही.

ढ-१ ला आज पहिलं फूल आलं. खोड पहिल्यांदा दुभंगतं त्या बेचक्यातच ते येतं. पुष्कळ जण हे फूल खुडून टाकतात, कारण इथे फळ धरलं की लहान रोपाची सगळी ताकद तिकडे जाते आणि वाढ खुंटते. मलाही हे माहीत आहे. पण एवढे दिवस वाट पाहून आलेलं पहिलंवहिलं फूल खुडायला हात धजेना. ठेवलं.

२२ नोव्हेंबर
हात धजला असता तरी तेच, नसता तरी तेच. फूल आपणहून पडलं. फळीवर देठासकट सापडलं. देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे तो पिवळा पडला होता, बाकी फूल चांगलं पांढरंशुभ्र. ति-१ ची तीन फुलंही अशीच गेली.

माझा निष्कर्ष: परागण होत नाहीये. बाहेर मधमाश्या करतात ते इथे कोण करणार? तेव्हा आजपासून मधमाशीचं काम माझ्याकडे. रंगकामाच्या डब्यातून शून्य नंबरचा मऊ ब्रश काढून धुऊन वाळत ठेवला.

२४ नोव्हेंबर
ब्रश चालवण्याआधी भिंगातून फूल नीट पाहिलं. तिखटाच्या फुलाला पाकळ्या पाच, ढोबळीच्या एका फुलाला सहा, दुसऱ्याला सात. जेवढ्या पाकळ्या तेवढे पुंकेसर. परागकोष निळसर जांभळे, मधोमध कुक्षिवृंताची काडी आणि तिच्या टोकाला हिरवट, ओलसर कुक्षी. नर फूल कुठलं, मादी फूल कुठलं हे शोधत बसायचं कारण नाही, ती भानगड भोपळा-काकडीची. मिरचीच्या प्रत्येक फुलात दोन्ही असतं आणि स्वतःचा पराग स्वतःला चालतो.

टोमॅटोशी तुलना केली तर एक फरक लक्षात येतो. टोमॅटोचे परागकोष एकमेकांना चिकटून त्यांची नळी होते. पराग त्या नळीच्या आत सुटतो आणि टोकाकडून बाहेर पडतो, म्हणून त्या फुलाला थरथर लागते. मिरचीचे परागकोष सुटे असतात, उभे चिरतात आणि पराग उघड्यावर येतो. फूल खाली मान घालून असतं, त्यामुळे जरासा धक्का लागला तरी काही कण कुक्षीवर पडणारच.

म्हणजे मिरचीला मधमाशीची एवढी गरज नसावी. मग फुलं का गळतात? हा प्रश्न वहीत लिहिला आणि त्याच्याकडे सपशेल दुर्लक्ष करून ब्रश हातात घेतला.

२७ नोव्हेंबर
तीन दिवस सकाळी ७ वाजता ब्रश फिरवत होते. ब्रशला काहीच लागत नव्हतं. आज सुट्टी होती म्हणून दर तासाला भिंग घेऊन उभी राहिले. दिवे लागल्यावर थोड्याच वेळात फूल उघडलं, पण परागकोष तेव्हा बंदच होते, तुळतुळीत जांभळ्या दाण्यांसारखे. ते चिरले ११ च्या सुमारास. चिरल्यावर कडा मागे वळल्या आणि आतून फिकट पिवळसर पीठ दिसलं. कुक्षी मात्र फूल उघडतानाच तयार असते आणि फूल दोन-तीन दिवस टिकतं, त्यामुळे पहिला दिवस हुकला तरी दुसरा असतो.

वेळ ठरली: ११ ते १.

ब्रश कोरडाच हवा. ओल्या ब्रशला परागाचे गोळे चिकटतात आणि तिथेच राहतात. फुलाला मागून बोटाचा आधार द्यायचा, ब्रश आधी परागकोषांवरून आणि मग कुक्षीवर अलगद टेकवायचा. मी पहिल्या दिवशी दाढीचा ब्रश फिरवावा तसा फिरवला होता. त्यातल्या दोन फुलांच्या कुक्षी आज तपकिरी पडल्यात.

१ डिसेंबर
ब्रश चालवतेय खरी, पण त्याचा उपयोग होतोय की नाही हे सांगता येत नाही. काही फुलं गळतात, काही राहतात. म्हणून आजपासून दोरे. लाल दोरा म्हणजे ब्रश. निळा म्हणजे नुसती टिचकी, फुलाच्या देठामागे फांदीला हलकेच दोन-तीनदा. पांढरा म्हणजे हात लावायचा नाही. शिवणकामाचा दोरा, सैल गाठ. प्रत्येक रोपावर तिन्ही रंग.

९ डिसेंबर
ढोबळीची लाल दोऱ्याची ९ फुलं होती, ७ गळली. निळी ८, त्यातली ६ गळली. पांढरी ८, त्यातली ६ गळली. तिखटाची स्थिती थोडी बरी, पण तिथेही रंगांत फरक नाही.

एवढी फुलं रोज अकरा वाजता हातातलं काम टाकून रंगवली, त्याचं हे फळ. म्हणजे फळ नाहीच.

१६ डिसेंबर
ढ-२ वर जी दोन फळं धरली होती ती वाढेनात. बटणासारखी चपटी, सुपारीएवढी होऊन थांबली. एक कापलं. आत पांढरी शीर आहे, पोकळी आहे, बी एकही नाही. दुसरं कापलं, तेही तसंच. फळ धरलं पण फलन झालंच नाही.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. किमान-कमाल तापमान दाखवणारा तापमापक काल रात्री कुंड्यांच्या मधे ठेवला होता. दिवसाचं कमाल २६ अंश, उत्तम. रात्रीचं किमान १२. दिवे बंद झाले की काचेलगतची हवा गार पडते आणि रोपं रात्रभर त्या गारठ्यात उभी. मी खोलीत दुसऱ्या टोकाला झोपते, मला ते कधी जाणवलंच नाही.

मिरचीला रात्री साधारण १६ ते २० अंश मानवतात. रात्र १५ च्या खाली जायला लागली की कळीतच पराग नीट घडत नाही, जो घडतो त्यात जीव नसतो. अशा वेळी ढोबळीचं फूलही बेढब होतं: अंडाशय फुगलेलं, कुक्षिवृंत आखूड. परत भिंग घेऊन पाहिलं तर हे सगळं डोळ्यांसमोर होतं. फुलांच्या तळाशी हिरवा फुगवटा, काडी जेमतेम परागकोषांच्या खाली. मला वाटलं होतं ढोबळीचं फूल असंच असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी. तीन आठवडे मी मेलेला पराग ब्रशने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेत होते.

१७ डिसेंबर
सगळी फळी आतल्या भिंतीला हलवली, दिव्यांसकट. दिवे एक वीत खाली घेतले, कारण उजेड कमी पडला तरी रोप फुलं टाकतं. कमी उजेडात पानं जेवढी साखर बनवतात ती पानांना आणि मुळांनाच पुरत नाही, मग फुलाचा नंबर शेवटचा.

फळी हलवताना आणखी एक गोष्ट सापडली. शेजारच्या टेबलावर केळ्यांची फणी. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, आणि मिरचीच्या कळ्या-फुलांची गळ त्यानेही वाढते. केळी स्वयंपाकघरात. यांचा दोष किती होता कोण जाणे, पण बंद खोलीत धोका कशाला.

आता दोन आठवडे फुलांकडून अपेक्षा ठेवायची नाही. आज ज्या कळ्या दिसतात त्यांच्यात पराग घडताना रात्री गारच होत्या. उन्हाळ्यात याच्या उलट होतं: दिवस ३२-३५ च्या वर आणि रात्र २४ च्या वर गेली की तसंच नुकसान, आणि तेही फूल उघडण्याच्या बरंच आधी. त्यामुळे फूल पडलं त्या दिवशीचं हवामान बघून उपयोग नाही, मागचे पंधरा दिवस बघायचे.

२६ डिसेंबर
आर्द्रता वाढवावी म्हणून रोपांवर प्लास्टिक टाकलं होतं. आर्द्रतामापक ८५ टक्क्यांवर गेला, पराग ओला होऊन परागकोषांवरच बसून राहिला. प्लास्टिक काढलं. ५० ते ७० मध्ये ठीक आहे, पुन्हा या वाटेला जायचं नाही. खतही आटोपतं घेतलं. नत्र जास्त झालं की पानांचा बहर येतो आणि फुलं गळतात.

४ जानेवारी
किमान तापमान गेले १८ दिवस १७-१८ वर आहे. आज उघडलेली फुलं वेगळीच दिसतायत. कुक्षिवृंत लांब, कुक्षी परागकोषांच्या बरोबरीला किंवा किंचित पुढे, फुगवटा नाही. काळा कागद खाली धरून फुलाला टिचकी मारली तर कागदावर पिवळसर धूळ. डिसेंबरच्या फुलांखाली हाच कागद जवळजवळ कोरा राहायचा. काळ्या कागदाची ही युक्ती आधीच का सुचली नाही?

दोरे पुन्हा सुरू. तेच तीन रंग.

१४ जानेवारी
लाल १०, त्यातली ८ धरली. निळी १०, त्यातली ८. पांढरी १०, त्यातली ७.

फूल धरलं हे कसं ओळखायचं तेही आता कळलं. न धरलेल्या फुलाचा देठ दोन-चार दिवसांत सांध्याशी पिवळा पडतो आणि बोट लावताच सुटतो. धरलेल्याच्या पाकळ्या सुकतात पण लगेच पडत नाहीत, तपकिरी अंगठीसारख्या कोवळ्या फळाभोवती अडकून राहतात. देठ हिरवा राहतो आणि जाडावतो. ती अंगठी ओढून काढायची घाई करू नये, फळासकट हातात येते (एकदा आली).

तर मग ब्रश, टिचकी, काही न करणं, सगळं सारखंच. खोलीतल्या मिरचीला हाताने परागण लागत नाही असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

१५ जानेवारी
त्या दोन रेघा खोडायच्या आहेत.

सकाळी आईला कौतुकाने सांगत होते की पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांना कुणी हात लावला नाही तरी फळं धरली.

"कुणी हात लावला नाही कसं? ती फळी रोज पुसते की मी."

"कुंड्या तशाच ठेवून?"

"तशाच ठेवून खालची माती कशी निघेल? उचलते, पुसते, परत ठेवते. ती कोपऱ्यातली जड आहे, ती सरकवते."

"किती वाजता?"

"तुझं ते ब्रशचं झालं की. बारा-साडेबारा."

म्हणजे पराग सुटलेला असताना, भर मुहूर्तावर, प्रत्येक रोपाला रोज एक सणसणीत हिसका. पांढरे दोरे निळेच होते. डिसेंबरमध्येही. कुणी न हलवलेलं एकही फूल माझ्याकडे कधी नव्हतंच.

१६ जानेवारी
नवी मांडणी. ढ-३ आणि ति-२ एका वेगळ्या स्टुलावर, त्याच दिव्यांच्या टोकाखाली, फळीला टेकणार नाहीत असं. पाणी बारीक नळीने, कुंडीला धक्का न लावता. त्यांच्यावर आधी धरलेली फळं काढून टाकली. ढ-१ आणि ढ-२ वरची जुनी दोऱ्याची फळं तशीच ठेवली, फक्त ढ-१ ची निम्मी काढली, म्हणजे नव्या फुलांना जागा मिळेल. फळीवरच्यांना लाल-निळे दोरे नेहमीप्रमाणे.

आईने अटी मान्य केल्या. "तीन आठवडे धूळ बसू द्यायची?" "तीन आठवडे." स्टुलाकडे बघून ती फक्त हुंकारली.

२४ जानेवारी
विजेवर चालणारा टूथब्रश लावून पाहिला. फुलामागे देठाला एक-दोन सेकंद टेकवला की काळ्या कागदावर टिचकीपेक्षा जास्त धूळ पडते हे खरं. टोमॅटोसाठी हे साधन उत्तम. बंबलबी हेच करते: फुलाला घट्ट धरून पंख न हलवता नुसते उडण्याचे स्नायू थरथरवते. मधमाशीला ते जमत नाही. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात टोमॅटोच्या काचघरांसाठी बंबलबीच्या वसाहती विकायला लागले, त्याआधी माणसं हातात थरथरती कांडी घेऊन ओळीओळींनी फिरत.

मिरचीला मात्र एवढी यंत्रणा जास्तच होते. शिवाय मिरचीची फांदी काडीसारखी कडक, वाकत नाही, मोडते. ति-१ ची दोन कळ्यांसकट एक फांदी बेचक्यातून तुटली. टूथब्रश परत जागेवर.

२९ जानेवारी
आज संकर. ढ-२ आई, ति-१ बाप.

उघडलेलं फूल चालत नाही, त्यात स्वतःचा पराग पडलेला असू शकतो. उद्या उघडेल अशी कळी निवडायची: पांढरी, फुगलेली, पाकळ्यांची टोकं अजून मिटलेली. चिमट्याने पाकळ्या बाजूला करून जांभळे परागकोष एकेक उपटायचे. वाचायला सोपं आहे. पहिल्या कळीत काडी मोडली. दुसऱ्या कळीत एक परागकोष चिमट्यातच फुटला, त्यात पराग तयार झालेला वाटला म्हणून ती बाद. तिसरी जमली. ति-१ चं ताजं चिरलेलं फूल तोडून थेट तिच्या कुक्षीवर घासलं, ब्रशशिवाय. जांभळा दोरा.

आई मागे उभी होती. "आता ही ढोबळी तिखट होणार?"

नाही. फळाचा गर ढ-२ चाच, तो जसा व्हायचा तसाच होणार. तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, तीही ढ-२ चीच. बापाचा अंश फक्त बियांत. त्या बिया पेरून जी रोपं येतील त्यांची मिरची काय म्हणते ते पुढे. एकाच खोलीत दोन्ही जाती ठेवल्या म्हणून ढोबळी तिखट निघाली असं जे सांगतात, त्यांनी बहुधा आधीच्या पिढीतच मिसळलेलं बी पेरलेलं असतं.

"मग एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न वहीत नोंदवून ठेवते.

६ फेब्रुवारी
ढ-१ पुन्हा फुलं टाकतेय. पोटात गोळा आला. तापमापक पाहिला, १८. दिवे ठीक, केळी नाहीत. मग फळं मोजली: सात, त्यातली चार मुठीएवढी. रोपाला हातातलं सांभाळायचं आहे, नवं घ्यायला जागा नाही. बीवाली फळं अंगावर असली की नवी फुलं टाकून देणं ही मिरचीची रीतच आहे, म्हणून तिचा बहर लाटांनी येतो. तीन मोठी हिरवीच काढली. बाकी काही करायचं नाही.

ति-२ च्या शेंड्याला मावा कीड. बंद खोलीत कुठून येतो देव जाणे. ते रोप हलवायचं नाही, म्हणून ओल्या कापसाने जागच्या जागी टिपला. या धक्क्याने माझा प्रयोग थोडा बाटला, नोंद असावी. तेवढी दोन फुलं मोजणीतून वगळली.

१२ फेब्रुवारी
ढ-३, अजिबात न हलवलेलं: ११ फुलं, ५ धरली. फळीवरची ढोबळी त्याच काळात: लाल ९ पैकी ७, निळी ९ पैकी ७, ढ-१ ची गळ सुरू होण्याआधीची मोजणी.

ति-२, न हलवलेलं: १४ पैकी १०. फळीवरच्या ति-१ पेक्षा फार कमी नाही. तिखटाचं फूल लहान, पराग आणि कुक्षी अगदी शेजारी, त्याला फारशी मदत लागत नसावी. दोन रोपांवरून यापेक्षा जास्त बोलणार नाही.

ढ-३ वर धरलेल्या पाचांतली तीन फळं आत्ताच एका बाजूला कलंडलेली दिसतायत.

फळीसमोर लहान पंखा लावला, रोज ११ ते १, पानं जेमतेम हलतील इतकाच. आईला फळी पुसायची परवानगी दिली. तिने ती वाट न बघता आधीच घेतली होती.

७ मार्च
जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या फुलांची फळं आज काढली. प्रत्येक रंगाचं एक कापून बिया ताटलीत मोजल्या. यात दुपार गेली.

लाल (ब्रश): १६८. निळं (टिचकी): १७४. ढ-३ चं न हलवलेलं: ६१, आणि ते सगळे जवळजवळ एकाच कप्प्यात. ज्या बाजूला बी होतं ती बाजू फुगलेली, दुसरी चेपलेली. वाढणाऱ्या बियांतून निघणारी संप्रेरकंच भोवतालच्या गराला वाढायला लावतात, त्यामुळे बी नाही तिथे गर नाही. वाकडं फळ म्हणजे रोग असं मी आजवर समजत होते.

ब्रश आणि टिचकी यांत सहा बियांचा फरक, तोही टिचकीच्या बाजूने. ब्रश रंगाच्या डब्यात परत गेला.

जांभळ्या दोऱ्याचं फळ अजून हिरवं आहे. ते पूर्ण लाल होईपर्यंत तोडायचं नाही, हिरव्या फळातलं बी कच्चं असतं. त्याच्या देठाला दुसरा, जाड दोराही बांधला आणि आईला दाखवून ठेवलं.

१० मार्च
चार दिवस बाहेर जातेय. वही आईकडे. सूचना: ११ ते १ मध्ये टिचकी, सकाळी तापमान लिहिणं, जांभळ्याला हात नाही.

११ मार्च (आईच्या अक्षरात)
तापमान १९. सगळ्यांना टिचक्या मारल्या. दोन फुलं पडली, ती आधीच पिवळी होती, माझ्यामुळे नाही. फळी पुसली. जांभळा दोरा आहे जागेवर.